बोल्ट जाम होतो म्हणजे काय होते?

अणदूर काही कोकणात नाही. सोलापूरहून हैदराबादकडे जाताना तुळजापूर तालुक्यातले हे गाव लागते. समुद्र इथून सुमारे ३०० किलोमीटर दूर, मुलूख पर्जन्यछायेतला, उन्हाळा कडक. तरीही या भागात वीस-पंचवीस वर्षे चाललेल्या जीपचा कमानपाटा उतरवायचा म्हटला, की जाणता मिस्त्री आधी पाना उचलत नाही, डिझेलची बाटली मागतो. शॅकलचा बोल्ट, यू-बोल्टचे नट, सायलेन्सरचे स्टड, ब्रेकचा निपल यांपैकी एकही सरळ सुटणार नाही हे त्याला ठाऊक असते.

कोरड्या मुलखात लोखंड इतके का गंजावे? आणि गंजलेला बोल्ट निघत नाही म्हणजे नेमके काय अडलेले असते? या दोन प्रश्नांची उत्तरे नववी-दहावीच्या विज्ञानात बरीचशी सापडतात. तरफ, घर्षण, उष्णतेने होणारे प्रसरण, केशाकर्षण, ऑक्सिडीकरण हे सगळे धडे जीपच्या पोटाखाली एकत्र भेटतात. ते ठाऊक नसले तर बोल्ट तुटतो, पाना सटकून हाताची साले निघतात आणि कधी कधी याहून वाईट घडते.

काळी माती आणि फट

लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, हे तीन परीक्षानळ्या आणि तीन खिळे घेऊन आपण वर्गात दाखवतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग वाढतो. मराठवाड्यात वर्षातले बरेच महिने हवा याहून कोरडी असते. म्हणून उघडा पत्रा इथे टिकतो. जीपच्या पोटाखालची हवा मात्र निराळी. पावसाळ्यात काळ्या रानातून गेलेल्या गाडीच्या कमानीला, यू-बोल्टला, चॅसीच्या कोपऱ्यांना चिखलाचे लिंपण बसते. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी धरून फुगतात आणि ते सहजासहजी सोडत नाहीत. वरून खडखडीत वाळलेला चिखलाचा गोळा फोडून पाहा, आत ओल सापडते. त्यात गाडी विहिरीच्या किंवा बोअरच्या खारट पाण्याने धुतलेली असेल तर क्षारांची भर पडते. क्षारयुक्त पाण्यातून वीज चांगली वाहते, आणि गंजणे ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे.

इथे एक कोडे आहे. नट आणि बोल्ट यांच्यामधल्या फटीत हवा कमी पोहोचते. मग गंज तिथे कमी असायला हवा. प्रत्यक्षात धातू फटीच्या आतच अधिक खाल्ला जातो. याचा उलगडा केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एका थेंबाने केला. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा मोठा थेंब ठेवायचा. त्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन आणि थोडे पोटॅशियम फेरीसायनाइड मिसळलेले असते. काही वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा रंग दिसतो आणि कडेला गुलाबी. कडेला पाण्याचा थर पातळ, म्हणून हवेतला ऑक्सिजन मुबलक. तिथे ऑक्सिजनपासून हायड्रॉक्साइड आयन बनतात आणि गुलाबी रंग येतो. मध्यभागी ऑक्सिजन कमी. तिथे लोखंड विरघळून त्याचे आयन पाण्यात उतरतात, निळा रंग त्यांचा. म्हणजे जिथे हवा कमी तो भाग धनाग्र होतो आणि तोच झिजतो. हा प्रयोग अकरावीच्या प्रयोगशाळेत अर्ध्या तासात होतो आणि गंजाच्या धड्यातल्या कोणत्याही आकृतीपेक्षा जास्त सांगून जातो.

बोल्टची फट म्हणजे त्या थेंबाचा मध्य. आत लोखंड विरघळते, आयन तोंडाकडे सरकतात, तिथे त्यांना हवा भेटते आणि तांबूस गंजाचा बूच तयार होतो. फट वाळताना हवा थोडी आत शिरते, तेव्हा आतही गंज साचतो. पुन्हा पाऊस, पुन्हा ऊन. प्रत्येक फेरीत फट थोडी थोडी भरत जाते.

गंज जागा मागतो

लोखंडापेक्षा गंज जास्त जागा व्यापतो. किती जास्त, हे विद्यार्थ्यांकडून काढून घेता येईल. लोखंडाच्या एका मोलचे वस्तुमान ५५.८५ ग्रॅम आणि घनता ७.८७, म्हणून त्याचे आकारमान ७.१ घन सेंटिमीटर. गंजातला एक नेहमीचा घटक गोथाइट हे खनिज. त्याचे सूत्र लोह, दोन ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन असे. त्याचा मोल ८८.८५ ग्रॅमचा आणि घनता सुमारे ४.२६, म्हणजे आकारमान जवळजवळ २०.९ घन सेंटिमीटर. जवळपास तिप्पट! खरा गंज सच्छिद्र असतो, त्यात आणखी पाणी असते, म्हणून तो याहूनही फुगतो.

आता समजा, नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये ०.१ मिलिमीटर मोकळी जागा आहे. दोन्ही पृष्ठभागांवरचे ०.०२५ मिलिमीटर लोखंड गंजले तर प्रत्येक बाजूला ०.०७५ मिलिमीटर गंज तयार होईल. गेलेले लोखंड वजा करता प्रत्येक बाजूची निव्वळ वाढ ०.०५, म्हणजे फट पूर्ण बंद. केसाच्या जाडीपेक्षाही कमी लोखंड खर्ची पडले आणि बोल्ट जाम झाला. त्यापुढचा गंज आट्यांना रेटू लागतो. गजाभोवती गंज फुगून घरांचे स्लॅब फुटतात तेही याच कारणाने.

म्हणून जाम बोल्ट निव्वळ 'घट्ट' नसतो. घट्ट बोल्ट घर्षणाने थांबलेला असतो. जाम बोल्ट पाचरीने ठोकलेला आणि वरून चिकटलेला असतो. पहिल्याला जोर पुरतो. दुसऱ्याची पाचर आधी मोडावी लागते, आणि गंज ठिसूळ असतो हे इथे आपल्या पथ्यावर पडते.

पाइप लावण्याआधी

बोल्टचे आटे म्हणजे गोल गुंडाळलेली उतरण. १० मिलिमीटर व्यासाच्या नेहमीच्या बोल्टमध्ये या उतरणीचा चढ जेमतेम ३ अंशांचा असतो. इतक्या कमी चढावर घर्षण नटाला खाली घसरू देत नाही, म्हणून तो आपोआप सुटत नाही. याची किंमतही आहे. पान्यावर आपण लावलेल्या श्रमापैकी ढोबळमानाने निम्मे डोक्याखालच्या घर्षणात जातात, ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि बोल्ट ताणून दोन भाग एकमेकांवर आवळायला उरतात फक्त १० टक्के. गंज नसलेला बोल्ट सोडवताना जोर थोडा कमी लागतो, कारण आता आपण उतरणीवरून खाली येत असतो.

बोल्ट हलला नाही की पान्याला पाइप लावायचा मोह होतो. आकडे मांडून पाहू. १५ सेंटिमीटरच्या पान्यावर २० किलो वजनाइतका, म्हणजे सुमारे २०० न्यूटन जोर दिला तर बल आघूर्ण ३० न्यूटन-मीटर. त्यावर पाइप चढवून हात ६० सेंटिमीटरचा केला की तेच १२० न्यूटन-मीटर होते. १० मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला चांगल्या पोलादाचा बोल्ट ६०-७० न्यूटन-मीटरच्या आसपास पिळवटून तुटतो. साध्या पोलादाचा याच्या निम्म्यातच. गंजाने बारीक झालेल्या बोल्टची कथा तर विचारूच नका. पिळाला टिकण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. व्यास १० चा ८ झाला तर ताकद ०.८ चा घन, म्हणजे निम्मीच उरते. डोळ्यांना बोल्ट अजून धडधाकट दिसतो आणि पाइप लावल्यावर त्याचे डोके हातात येते.

डोके शाबूत राहणेही महत्त्वाचे, आणि इथे आपल्या जुन्या जीपची एक खास गंमत आहे. मूळ अमेरिकी विलीज जीप मुंबईत जोडायला महिंद्रा कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरुवात केली. त्या रचनेचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे. पुढे १९८० च्या दशकात त्याच घराण्यातल्या गाड्यांमध्ये फ्रेंच प्युजो कंपनीच्या परवान्याने बनवलेले डिझेल इंजिन आले, ते मिलिमीटरच्या मापाचे. त्यामुळे एकाच गाडीत दोन मापे नांदतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो, पण ०.३ मिलिमीटर ढिला. सुट्या बोल्टला ते चालून जाते. जाम बोल्टवर तो पाना कडांवरून सरकतो आणि षटकोनाचे वर्तुळ करून सोडतो. पाऊण इंच म्हणजे १९.०५, तिथे १९ चा रिंग पाना थोडा रेटला की बसतो, तेव्हा शंका येत नाही. उघड्या तोंडाचा पाना फक्त दोन कडांवर जोर देतो, रिंग पाना सहाही कोपऱ्यांवर. जाम बोल्टला पहिला पाना लावायचा तो सहा कोनांच्या रिंगचा किंवा बॉक्सचाच, आणि त्याआधी तारेच्या ब्रशने आट्यांची उघडी टोके घासून घ्यायची. त्यांवरचा चिखल-गंज तसाच ठेवून नट फिरवला तर तो पुढे जाऊन पुन्हा अडकतो.

तेलाला वेळ द्या

तेल आत कसे शिरते? केशाकर्षणाने. अरुंद फटीत द्रव आपणहून ओढला जातो, वरच्या दिशेलासुद्धा. पण किती वेगाने, हे त्याच्या श्यानतेवर ठरते. साध्या तापमानाला इंजिन ऑइल रॉकेलच्या शंभरपटीहूनही दाट असते. फटीत शिरलेल्या द्रवाचे अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून दुप्पट आत जायला चौपट वेळ लागतो. तेल टाकून पाच मिनिटांत पाना लावणाऱ्याचे तेल पहिल्या एक-दोन आट्यांतच असते. आदल्या संध्याकाळी, पुन्हा झोपण्यापूर्वी आणि सकाळी असे तीनदा तेल सोडले तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. वर्गात दाखवायचे तर वर्तमानपत्राच्या दोन सारख्या पट्ट्यांची टोके रॉकेलमध्ये आणि इंजिन ऑइलमध्ये बुडवून दर पाच मिनिटांनी उंची मोजा, आणि अंतराच्या वर्गाचा वेळेशी आलेख काढा. (ज्योत जवळ नको.)

रॉकेल शिरते चांगले, पण वंगण म्हणून कच्चे. डिझेल थोडे दाट आणि थोडे अधिक तेलकट, म्हणून मिस्त्री लोक ते पसंत करतात. बाजारातल्या फवाऱ्याच्या डब्यांत पातळ द्रावक आणि तेल यांचे मिश्रण असते. त्यांतला जगभर गाजलेला डब्ल्यूडी-४० हा १९५३ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे पाणी हटवून धातूचे रक्षण करण्यासाठी तयार झाला. नावातला ४० हा चाळिसाव्या प्रयत्नाचा. जाम बोल्ट सोडवणे हे त्याचे मूळ काम नव्हते, त्यामुळे रात्रभर ठेवलेल्या डिझेलपुढे तो फार चमत्कार करील अशी अपेक्षा ठेवू नये.

सुटा करता येईल असा भाग असेल तर चिंचेचे पाणी विसरू नका. चिंचेतले टार्टारिक आम्ल गंजातल्या लोहाला धरून पाण्यात नेते. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासतो तिथेही ऑक्साइडचा थर असाच निघतो. उसाची मळी नऊ-दहा पट पाण्यात कालवून तिच्यात आठ-पंधरा दिवस भाग बुडवून ठेवायची पद्धतही कामाची आहे, वास सहन करण्याची तयारी हवी. गाडीवरच असलेल्या बोल्टला मात्र हे उपाय लागू नाहीत. आम्ल फटीत राहिले तर पुढच्या गंजाची सोय होते.

तेल मुरत असताना घाव घालायचा. बोल्टच्या डोक्यावर सरळ, हातोडीचे नेमके, मध्यम ठोके. नटाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूला ठोकले तरी चालते. ठोक्याने बोल्ट फिरत नाही, पण ठिसूळ गंजाला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आत उतरते. मग पाना लावून पहिला झटका आवळण्याच्या दिशेने, अगदी थोडा. नवख्याला हे उलटे वाटते. पण गंजाची पकड मोडायला दिशा कोणतीही चालते, आणि आवळण्याच्या बाजूला काही अंश हलला की सोडण्याच्या बाजूला तो सहसा हलतोच. पाव फेरा सुटला की पुन्हा अर्धा मागे, पुन्हा तेल, पुन्हा पुढे. निघतोय म्हणून एका दमात ओढला तर गंजाचा भुगा आट्यांत दाबला जाऊन बोल्ट दुसऱ्यांदा जाम होतो, आणि हा दुसरा जाम पहिल्यापेक्षा वाईट.

धाव चढवण्याच्या उलट

बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव कशी चढवतो हे पाहिलेले विद्यार्थी आता थोडे असतील. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, जाळात तापवतात, ती मोठी झाली की लाकडी चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. थंड होताना ती चाकाला आवळते. जाम नट तापवणे म्हणजे हीच क्रिया उलटी. धातूचे कडे तापले की त्याचे भोकही मोठे होते. भोक बुजते असे वाटणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात, त्यांना धावेची आठवण द्यावी.

पोलादाची लांबी दर अंशाला लाखात १.२ भाग वाढते. १० मिलिमीटरचे भोक ३०० अंशांनी तापले तर ०.०३६ मिलिमीटरने वाढेल. वाढ लहान वाटते, पण फट बंद करणारा गंजही असाच सूक्ष्म जाडीचा होता. अर्थात नटाबरोबर बोल्टही तापतो. म्हणून नट बाहेरून झटपट तापवायचा, बोल्टपर्यंत उष्णता पोहोचण्याआधी. त्याहून एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. गोथाइट २५० ते ३०० अंशांच्या आसपास पाणी सोडते आणि त्याचे हेमॅटाइट होते. तेवढ्याच लोखंडाचे आकारमान २०.९ वरून १५.२ घन सेंटिमीटरवर येते, म्हणजे पाचर स्वतःच चतुर्थांशाहून अधिक आक्रसते आणि तडकते. तापवणे, निवू देणे, मग तेल, असे दोन-तीनदा केले की हट्टी बोल्टही ऐकतात.

पण जाळ कुठे लावायचा नाही, हे आधी शिकायला हवे. डिझेल-पेट्रोलची टाकी, त्यांच्या नळ्या, ब्रेकचे पाइप, रबरी बुश, शॉक ॲब्सॉर्बर यांच्याजवळ ज्योत नाही. नुकताच तेल-रॉकेल मारलेला बोल्ट आधी पुसून मगच तापवावा. टायर चढवलेल्या चाकाच्या रिमला किंवा त्यावरच्या नटाला गॅस लावणे तर जिवावरचे आहे. आतल्या रबराचे विघटन होऊन ज्वलनशील वायू साठतात आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा काढलेली असली तरी धोका संपत नाही. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापला की पांढरा धूर निघतो, तो श्वासात जाऊ देऊ नये. आणि लाल होईपर्यंत तापलेला ८.८ चा बोल्ट पुन्हा वापरायचा नाही. कारखान्यात दिलेले त्याचे पाणी उतरलेले असते.

गाडीखाली शिरायचे तर जॅकच्या भरवशावर कधीही नाही. लोखंडी घोडी किंवा जाड लाकडी ठोकळे हवेत, दगड-विटा नकोत, त्या भाराखाली अचानक फुटतात. जाम बोल्टवर झटके देताना गाडी हलते, हे विशेष ध्यानात ठेवावे. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण गंजाचा भुगा नेमका वर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पडतो. आपल्या वर्गात सुट्टीत गॅरेजवर जाणारी मुले असतातच. या विषयावर त्यांना बोलते करा. जोर कुठे लावायचा हे त्यांना आपल्याहून चांगले कळते, चष्मा आणि घोडी या गोष्टी मात्र त्यांना कुणी सांगितलेल्या नसतात.

काही बोल्टना वाचवण्यात अर्थ नसतो. यू-बोल्टचा नट छिन्नीने किंवा ग्राइंडरने उभा चिरून टाकणे अर्ध्या दिवसाच्या झटापटीपेक्षा स्वस्त पडते. नवा यू-बोल्ट कुठेही मिळतो. उलट, ब्रेकमधली हवा काढायचा निपल मधून पोकळ असतो, म्हणून फार नाजूक. तो तुटला की ब्रेकचा सिलिंडर गेलाच समजा. तिथे घाई अजिबात नको. इंजिनच्या हेडमध्ये तुटलेला स्टड थोडा बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. वेल्डिंगची उष्णता गंज फोडते आणि धरायला नवे डोकेही मिळते. स्टड सपाटीला तुटला असेल तर नेमका मध्य साधून भोक पाडावे लागते. त्यात उलट्या आट्यांचे एझी-आउट घालणाऱ्याने लक्षात ठेवावे, की ते कठीण पण ठिसूळ पोलाद आहे. ते आत मोडले तर साध्या ड्रिलने भोक पडत नाही, मग लेथवाल्याचे घर गाठावे लागते.

आणि चाकाचे नट! विलीजच्या मूळ रचनेत डाव्या बाजूच्या चाकांना डावे आटे होते, म्हणजे ते सोडायचे असतात घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. फिरत्या चाकामुळे नट आपोआप सैल होऊ नयेत हा त्यामागचा हेतू. सायकलच्या डाव्या पायडलला डावे आटे असतात तेही याच कारणाने, आणि ते दाखवायला शाळेच्या आवारात सायकली उभ्या असतात. जुन्या जीपचा डावा नट 'जाम' आहे म्हणून पाइप लावण्याआधी स्टडच्या टोकावर 'एल' हे रोमन अक्षर कोरलेले आहे का पाहावे. जाम नसलेला नट चुकीच्या दिशेने आवळून स्टड तोडल्याच्या कथा गॅरेजमध्ये भरपूर ऐकू येतात.

जोडणी करताना शॅकल, यू-बोल्ट, सायलेन्सर यांच्या आट्यांना ग्रीस लावावे. सायलेन्सरच्या गरम जागी साधे ग्रीस जळून जाते, तिथे तांब्याची पूड असलेली पेस्ट किंवा पितळी नट चांगले. पितळ लोखंडासारखे गंजत नाही. चाकांच्या नटांना मात्र तेल-ग्रीस लावू नये. घर्षणात जाणारे ९० टक्के श्रम कमी झाले, तर तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. ते कोरडेच आवळावेत, समोरासमोरच्या जोडीने, आणि ५०-१०० किलोमीटर गाडी चालल्यावर एकदा पुन्हा पाना लावून पाहावा.